वाचकांचे प्रश्न : एका बाजूला जेवणघर, मधोमध स्मारक

मागच्या अंकात हार्वर्ड विद्यापीठातल्या मेमोरियल हॉलची ओळख करून दिली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढताना मरण पावलेल्या हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची आठवण म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ही इमारत उभारली. एका टोकाला मोठं जेवणघर, दुसऱ्या टोकाला सँडर्स थिएटर हे नाट्यगृह आणि दोन्हींच्या मधे नावांचं दालन, अशी तिची रचना आहे. त्या लेखावर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही वाचकांनी इतर विद्यापीठांमधल्या अशा इमारतींबद्दलही विचारलं आहे, त्यांचीही दखल घेतली आहे.

प्रश्न : युद्धस्मारक म्हटलं की स्तंभ किंवा पुतळा डोळ्यांपुढे येतो. इथे जेवणघर आणि नाट्यगृह कशासाठी बांधलं?

हा वाद युद्ध संपल्या संपल्याच झाला होता. एका गटाला नुसतं स्मारक हवं होतं. त्याचा दुसरा काही उपयोग नसावा, कारण उपयोग आला की आठवण मागे पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं, की माजी विद्यार्थ्यांना वार्षिक समारंभात एकत्र जेवायला आणि भाषणं ऐकायला पुरेशी जागा विद्यापीठात नाही. मेलेल्या मित्रांच्या नावाने ती बांधली, तर दरवर्षी माणसं आपोआप तिथे येतील. दुसऱ्या गटाचं चाललं. १८६५ ते १८६८ या काळात सुमारे ३,७०,००० डॉलर जमले. विद्यापीठाच्या त्या वेळच्या एकूण कायम निधीच्या बाराव्या हिश्शाएवढी ही रक्कम होती. नाट्यगृहासाठी १८०२ सालचे विद्यार्थी चार्ल्स सँडर्स यांनी मृत्युपत्रात ठेवलेले सुमारे ४०,००० डॉलर वेगळे मिळाले, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे.

आराखडा विल्यम रॉबर्ट वेअर आणि हेन्री व्हॅन ब्रंट या दोन वास्तुविशारदांचा. दोघेही हार्वर्डचेच माजी विद्यार्थी. जागा 'डेल्टा' नावाच्या त्रिकोणी मैदानाची. काम टप्प्याटप्प्याने झालं. १८७० च्या ऑक्टोबरात कोनशिला बसली, १८७४ मध्ये जेवणघर आणि मधलं दालन खुलं झालं, पुढच्या वर्षी नाट्यगृह बांधून झालं आणि १८७७ मध्ये मनोरा पुरा झाला.

आराखड्यातली खरी अक्कल जमिनीच्या नकाशात दिसते. ही इमारत गॉथिक कॅथीड्रलच्या नकाशावर बेतलेली आहे. कॅथीड्रलमध्ये भक्त बसतात त्या लांब भागात जेवणघर आहे. वेदीमागच्या अर्धगोल टोकाला नाट्यगृह आहे. आडव्या छेदाच्या जागी, मनोऱ्याच्या बरोबर खाली, नावांचं दालन आहे. जेवायला जायचं असो की नाटकाला, मुख्य दारातून आत आलेला माणूस नावांच्या दालनातूनच पुढे जातो. पहिल्या गटाने घेतलेल्या आक्षेपाला वेअर आणि व्हॅन ब्रंट यांनी भिंती आणि दारांच्या जागा ठरवून उत्तर दिलं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीकडे वळतात.

प्रश्न : त्या दालनात नेमकं काय आहे? नावं कोणत्या क्रमाने लावली आहेत?

दालन ११२ फूट लांब आहे आणि वरचं लाकडी कमानदार छत सुमारे ६० फुटांवर आहे. दोन्ही टोकांना वर मोठ्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. भिंतींचा खालचा भाग काळ्या अक्रोडाच्या लाकडाने मढवला आहे आणि त्यात पांढऱ्या संगमरवराचे २८ फलक बसवले आहेत. त्यांवर १३६ नावं आहेत. नावं हुद्द्यानुसार लावलेली नाहीत. माणूस विद्यापीठाच्या कोणत्या शाखेचा, कोणत्या सालचा विद्यार्थी, त्याप्रमाणे मांडणी आहे, आणि नावासोबत मरणाची तारीख आणि ठिकाण आहे. त्यामुळे कर्नल आणि साधा शिपाई एकाच फलकावर शेजारी येऊ शकतात. सैन्याने लावलेली यादी आणि विद्यापीठाने लावलेली यादी यांत हा मोठा फरक असतो. विद्यापीठ आपल्या माणसांना वर्गमित्र म्हणून मोजतं.

वाचताना ठिकाणांकडे लक्ष द्या. अँटिटम, गेटिसबर्ग, फोर्ट वॅग्नर, सीडर क्रीक अशी नावं येत राहतात आणि अख्ख्या युद्धाचा नकाशा भिंतीवर तयार होतो. पॉल रिव्हिअर हे स्वातंत्र्ययुद्धातलं प्रसिद्ध नाव. त्यांचे नातू पॉल जोसेफ रिव्हिअर गेटिसबर्गला झालेल्या जखमांनी गेले, तेही इथे आहेत. फोर्ट वॅग्नरपाशी १८ जुलै १८६३ रोजी मारले गेलेले रॉबर्ट गूल्ड शॉ १८६० च्या वर्गात आहेत. शॉ यांनी पदवी न घेताच शिक्षण सोडलं होतं. म्हणजे पदवीची अट लावली नव्हती, शिकायला येऊन गेला एवढं पुरेसं होतं. शॉ ज्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे प्रमुख होते, ती कृष्णवर्णीय सैनिकांची होती. शत्रूने त्यांना त्यांच्या सैनिकांबरोबर एकाच खंदकात पुरलं. ते सैनिक हार्वर्डचे नव्हते, त्यामुळे या भिंतीवर नाहीत. शॉ आणि त्यांची पलटण एकत्र पाहायची तर बॉस्टनमध्ये १८९७ साली बसवलेलं ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं उठावशिल्प पाहावं. विद्यापीठाची यादी कितीही मनापासून केली, तरी ती विद्यापीठाच्या कुंपणाशी थांबते. फलक वाचताना हे ध्यानात असावं.

प्रश्न : दक्षिणेकडून लढून मेलेले हार्वर्डचे विद्यार्थीही होते ना? त्यांची नावं का नाहीत?

होते, आणि मुद्दामच घातलेली नाहीत. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी 'संघराज्यासाठी प्राण दिलेल्यांचं' स्मारक म्हणून दिली होती. १९९० च्या दशकात दक्षिणेकडच्या मृतांसाठीही काही करावं अशी सूचना पुढे आली होती. तिला जोरदार विरोध झाला आणि मेमोरियल हॉलच्या भिंती होत्या तशाच राहिल्या.

याच्या शेजारी हार्वर्डचंच दुसरं उदाहरण ठेवून पाहा. पहिल्या महायुद्धाचं स्मारक म्हणून विद्यापीठाने मेमोरियल चर्च बांधलं. ते ११ नोव्हेंबर १९३२ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या दिवशी, खुलं झालं. तिथे ३७३ नावं कोरली आहेत. जर्मनीकडून लढून मेलेल्या चार हार्वर्डकरांचं काय करायचं, यावर तेव्हाही वाद पेटला. शेवटी त्यांची नावं मुख्य यादीत न घेता वेगळ्या लॅटिन फलकावर आली. वेगळ्या निशाणाखाली आपापल्या देशासाठी प्राण दिलेल्या मुलांना विद्यापीठ विसरलेलं नाही, असा त्याचा आशय आहे. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्येही तीन जर्मन विद्यार्थ्यांसाठी असाच स्वतंत्र फलक आहे.

'जर्मनांना चालतं तर दक्षिणेला का नाही,' असं काहींनी विचारलं आहे. आमच्या मते ही दोन उदाहरणं एका मापाने मोजता येत नाहीत. जर्मन विद्यार्थी परदेशातून शिकायला आले, परत गेले आणि आपल्या देशाच्या हुकमाने लढले. दक्षिणेच्या बाजूने लढणारे आपलंच संघराज्य मोडायला निघाले होते, आणि ज्या व्यवस्थेसाठी ते लढले तिच्या मुळाशी गुलामगिरी होती. मेमोरियल हॉल त्याच प्रश्नावर उभा आहे. मृतांबद्दल कणव असणं वेगळं आणि फलकावरचा उद्देश बदलणं वेगळं.

प्रश्न : मनोऱ्याचं छप्पर जळालं होतं असं वाचलं. दगडविटांची इमारत कशी जळते?

भिंती दगडविटांच्या असतात, पण छपराचा सांगाडा लाकडाचा असतो. ६ सप्टेंबर १९५६ रोजी दुरुस्तीचं काम चालू असताना मनोऱ्याला आग लागली आणि उंच टोकदार छप्पर गेलं. १८७२ च्या वर्गाने १८९७ मध्ये भेट दिलेलं घड्याळही त्यातच गेलं. पुढची चाळीसएक वर्षं मनोरा बोडकाच राहिला. १९९९ मध्ये छप्पर रंगीत पाटीच्या दगडाच्या नक्षीसकट पुन्हा उभारलं गेलं. घड्याळ मात्र परत बसवलेलं नाही.

जुन्या छपरांना दुरुस्तीच्या काळातच सर्वांत जास्त धोका असतो. पत्रा किंवा शिसं डागायला उघडी ज्योत वापरतात. पत्र्याखालच्या फळ्या शंभर वर्षं वाळलेल्या असतात आणि सांध्यांत धूळ, पक्ष्यांची घरटी, पाखरांची पिसं साठलेली असतात. ठिणगी तिथे शिरली की ती लगेच पेटत नाही, तासभर धुमसते. कामगार खाली उतरतात आणि मग वर धूर दिसतो. मनोऱ्याला हवेसाठी झडपा असतात, त्यातून खालून वर हवा खेचली जाते आणि धुमसणारी फळी भडकते. पाणी तेवढ्या उंचीवर पोचेपर्यंत सांगाडा गेलेला असतो. म्हणून अशा कामाचे नियम कडक असतात : शक्य तिथे ज्योतीऐवजी थंड जोडकाम, ज्योत अटळ असेल तर दिवसाच्या पहिल्या भागातच ती वापरणं, हाताशी पाण्याचा नळ, आणि काम थांबल्यानंतर किमान तासभर माणूस तिथेच पहाऱ्यावर. यातला शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण तेव्हा काम संपलेलं असतं आणि सगळ्यांना घरी जायचं असतं.

प्रश्न : इमारतीचा वापर बदलत गेला तर स्मारक म्हणून ती उरते का?

या इमारतीचा वापर खूप बदलला. १८७४ पासून १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेवणघर चाललं, मग बंद पडलं. पुढची सत्तर वर्षं त्या भव्य दालनात परीक्षा, नोंदणी, मेजवान्या, नाच असं काय काय होत राहिलं. तळघरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनी आणि श्रवण यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. नंतर तिथेच मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची कबुतरांची प्रयोगशाळा होती. सँडर्स थिएटरमध्ये ६ सप्टेंबर १९४३ रोजी विन्स्टन चर्चिल बोलून गेले. १९९६ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर जेवणघर ॲनेनबर्ग हॉल या नावाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा सुरू झालं. या सगळ्या उलाढालीत मधलं दालन कोणी बदललं नाही, कारण त्याचा उपयोग एकच होता, पलीकडे जाणं. त्यात खुर्च्या मांडायला, कपाटं ठेवायला, कार्यालय थाटायला वावच नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उपयोगी स्मारकां'ची लाट आली. विस्कॉन्सिन, परड्यू, इंडियाना, आयोवा अशा अनेक विद्यापीठांत मेमोरियल युनियन, म्हणजे विद्यार्थ्यांची भोजनालयं, सभागृहं आणि बसण्याउठण्याच्या जागा, त्या नावाने बांधल्या गेल्या. इलिनॉय, नेब्रास्का, कॅलिफोर्निया इथे मेमोरियल स्टेडियम उभी राहिली. यांतल्या अनेक ठिकाणी आज 'मेमोरियल' हा शब्द नावात आहे, पण कोणाचं, हे तिथे रोज येणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोष उपयोगाचा नाही. नावं दर्शनी भिंतीवरून हटून एखाद्या कोपऱ्यातल्या फलकावर गेली, की असं होतं. इलिनॉयच्या स्टेडियमने नावं बाहेरच्या उंच खांबांवर कोरली. खांब हलवता येत नाहीत, म्हणून ती टिकली.

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मेमोरियल युनियनमध्ये (१९२८) उत्तरेच्या दाराशी गोल्ड स्टार हॉल हे नावांचं दालन आहे. पुढच्या युद्धांतली नावंही तिथे येत गेली. दारातल्या फरशीत बारा राशींची उठावाची कांस्यचिन्हं बसवली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ती हळूहळू झिजून फरशीला समतल व्हावीत, अशी वास्तुविशारदाची कल्पना होती. पण चिन्हांवर पाय पडला तर पुढच्या परीक्षेत नापास होतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत रुजली आणि सगळे त्यांना वळसा घालून जाऊ लागले. चिन्हं आजही उठून दिसतात. वास्तुविशारदाने काय योजलं यापेक्षा तिथे वावरणाऱ्यांनी काय चाल पाडली, हे जास्त टिकतं.

प्रश्न : अख्खं विद्यापीठच स्मारक आहे, असं कुठे आहे का?

दोन ठळक उदाहरणं. कॅनडातलं मेमोरियल युनिव्हर्सिटी ऑफ न्यूफाउंडलंड हे १९२५ मध्ये, न्यूफाउंडलंड स्वतंत्र वसाहत असताना, पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ कॉलेज म्हणून सुरू झालं. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या बोमाँ-हॅमेलला न्यूफाउंडलंड पलटणीचे सुमारे ८०० जण खंदकातून पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण उभे होते. एवढ्याशा बेटासाठी ही हानी किती मोठी होती, ते लक्षात घेतलं की त्यांनी दगडी स्तंभावर का भागवलं नाही, ते कळतं. १९४९ मध्ये कॉलेजचं विद्यापीठ झालं.

दुसरं इंग्लंडमधलं लेस्टर. तिथे १८३७ मध्ये बांधलेली मनोरुग्णालयाची इमारत आणि भोवतालची जमीन थॉमस फील्डिंग जॉन्सन यांनी विकत घेऊन दिली. तिथे १९२१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झालं आणि १९५७ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 'त्यांना जीवन मिळावं म्हणून' या अर्थाचं बायबलमधलं लॅटिन वचन विद्यापीठाचं ब्रीद आहे. ते युद्धातल्या मृतांना उद्देशून आहे.

प्रश्न : काही विद्यापीठांत स्मारक म्हणून घंटांचा मनोरा आहे. या घंटा वाजवतात कशा, आणि त्या बेसूर होतात का?

तुमचा रोख कॅरिलॉन या वाद्याकडे आहे. सिडनी विद्यापीठाच्या मुख्य चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यात १९२८ च्या ॲन्झॅक दिनी, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या युद्धमृतांच्या स्मृतिदिनी, २५ एप्रिलला, युद्धस्मारक कॅरिलॉन अर्पण झालं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या १९७ विद्यार्थी-शिक्षकांची ती आठवण आहे. इंग्लंडमधल्या लफबरो इथल्या जॉन टेलर कंपनीने ४९ घंटा ओतल्या होत्या. १९७३ नंतर ५४ आहेत. टोरंटो विद्यापीठाचा सोल्जर्स टॉवर १९२४ मध्ये पुरा झाला. तो १४३ फूट उंच आहे आणि त्याला लागून असलेल्या दगडी पडद्यावर पहिल्या महायुद्धातली ६२८ नावं आहेत. तिथे १९२७ मध्ये २३ घंटा बसल्या आणि १९७६ मध्ये त्या ५१ झाल्या. किमान २३ घंटा असल्या तरच त्या संचाला कॅरिलॉन म्हणतात.

कॅरिलॉनमध्ये घंटा हलत नाहीत. त्या तुळईला घट्ट बांधलेल्या असतात, हलतो तो आतला लोलक. वादक खालच्या खोलीत लाकडी दांड्यांच्या दोन रांगांपुढे बसतो आणि सैल मिटलेल्या मुठीने दांडी खाली दाबतो. जड घंटांसाठी पायपट्ट्या असतात. दांडीपासून तार निघते, ती आकड्यांवरून वळत वर जाते आणि लोलक खेचते. मधे वीज नसते. त्यामुळे दांडी किती जोरात दाबली त्याप्रमाणे आवाज लहानमोठा होतो.

बेसूर होण्याबद्दल : घंटा सुरात लावायची ती एकदाच, कारखान्यात. घंटेच्या कांशात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं. घंटा थोडी जाड ओततात, मग लेथवर उलटी बसवून आतून धातू खरवडत नेतात. एका घंटेत पाच मुख्य सूर असतात आणि त्यांतला एक कोमल गंधाराच्या अंतरावर असतो. घंटांचा आवाज थोडा उदास वाटतो तो त्यामुळे. प्रत्येक सूर घंटेच्या वेगळ्या उंचीवर खरवडून जुळवावा लागतो. धातू काढता येतो, परत लावता येत नाही, म्हणून शेवटचे सूर जुळवताना कारागीर फार सावकाश जातात. नंतर वर्षानुवर्षं घंटेचा सूर फारसा ढळत नाही. बिघडतात त्या भोवतालच्या गोष्टी. लोलक एकाच जागी आपटून सपाट होतो आणि नाद कर्कश होतो. मग लोलक थोडा फिरवून नवी बाजू पुढे आणतात किंवा घासून पुन्हा गोलाई देतात. थंडीउन्हाने तारा आखडतात, सैलावतात. लोलक घंटेपासून फार दूर राहिला तर हलके सूर निघत नाहीत, फार जवळ आला तर टेकून राहतो आणि नाद दाबतो. म्हणून प्रत्येक तारेला पेचाचा जोड असतो आणि वादक वाजवायला बसण्यापूर्वी त्या तपासून घेतो. भेगाळलेली घंटा मात्र दुरुस्त करणं जिकिरीचं असतं. बहुतेकदा ती नव्याने ओततात.

प्रश्न : बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठ ग्रंथालयाची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

२५ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मन सैन्याने लूव्हेन शहर पेटवलं, त्यात ग्रंथालय पुस्तकांसकट जळालं. युद्धानंतर अमेरिकी देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली. वास्तुविशारद न्यूयॉर्कचे व्हिटनी वॉरन. १९२१ मध्ये कोनशिला, ४ जुलै १९२८ ला उद्‌घाटन. देणगी देणाऱ्या अमेरिकी शाळा-कॉलेजांची नावं भिंतीच्या दगडांवर आहेत. मनोऱ्यातल्या ४८ घंटा युद्धात मेलेल्या अमेरिकी अभियंत्यांच्या स्मरणार्थ होत्या. तेव्हा अमेरिकेत राज्यं ४८ होती.

भांडण झालं ते दर्शनी कठड्यावरच्या ओळीवरून. 'जर्मन क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकी दानाने पुन्हा उभी' अशा अर्थाची लॅटिन ओळ वॉरन यांना दगडात हवी होती. विद्यापीठाचे रेक्टर नको म्हणाले. ग्रंथालयात पुढे जर्मन विद्वानही येणार होते. शेवटी साधा कठडा बसला आणि संतापलेल्या समर्थकांनी तो फोडला. रेक्टर मागे हटले नाहीत. आम्हाला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. ज्या इमारतीत अभ्यास करायचा, तिच्या कपाळावर राग कोरून ठेवला तर तो पुढच्या प्रत्येक पिढीला वाचावा लागतो. मे १९४० मध्ये नव्या युद्धात इमारत पुन्हा जळाली आणि सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. युद्धानंतर ती वॉरन यांच्याच आराखड्याप्रमाणे पुन्हा बांधली गेली. कॅरिलॉन १९८३ मध्ये परत उभं राहिलं आणि आता त्यात ६३ घंटा आहेत.

प्रश्न : एकाच माणसाचं नाव एका स्मारकावर आहे, दुसऱ्यावर नाही, असं का? चुकलेलं किंवा राहिलेलं नाव नंतर घालता येतं का?

प्रत्येक यादीचा नियम वेगळा असतो. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली, संबंध कोणता मोजला : फक्त पदवीधर, शिकून गेलेला कोणीही, की शिक्षक आणि कर्मचारीही? दुसरी, मरण कोणतं मोजलं : फक्त रणांगणावरचं, की जखमा, रोग, कैद आणि अपघातही? जुन्या युद्धांत रोगाने मेलेल्यांची संख्या फार मोठी असे, त्यामुळे या एका अटीने यादी कितीतरी लांबते किंवा आखडते. तिसरी, तारखा कोणत्या. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरला आहे, पण विद्यापीठांनी आपापल्या तारखा ठरवल्या. १९१९ मध्ये जखमांनी गेलेला माणूस म्हणूनच एका भिंतीवर सापडतो, दुसऱ्या भिंतीवर नाही.

राहिलेलं नाव घालायचं तर शेवटी 'पुरवणी' म्हणून वेगळी ओळ कोरणं उत्तम. मधे घुसवायला गेलं की अक्षरं दाटतात. चुकलेलं अक्षर चुन्याने किंवा रेझिनने भरून वर पुन्हा कोरू नये. भराव आणि दगड तापल्यावर वेगवेगळे फुगतात, काही वर्षांत भराव सुटतो आणि रंगही वेगळा दिसतो. त्याच खाणीचा दगड मिळाला तर चुकीचा भाग चौकोनी कापून, त्यात बरोबर मापाचा तुकडा स्टेनलेस स्टीलच्या पिनेवर बसवतात आणि मग त्यावर कोरतात. लोखंडी पीन वापरू नये. गंजलं की लोखंड फुगतं आणि धड दगडही फोडतं. आधी कागदपत्रांचा पुरावा, मग लेखी निर्णय, मग छिन्नी, हा क्रम कधी उलटू देऊ नये.

प्रश्न : आमच्या संस्थेतल्या जुन्या संगमरवरी स्मृतिफलकावरची अक्षरं वाचता येत नाहीत. घासून काढावीत का?

नका घासू. आधी खोलीत अंधार करून बॅटरीचा प्रकाश फलकाच्या अगदी लगत, बाजूने तिरका टाका. कोरीव अक्षराच्या कडेला सावली पडते आणि बहुतेक मजकूर तेवढ्यानेच वाचता येतो. डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे तीन फोटो घ्या, एका दिशेने न दिसलेली रेघ दुसऱ्या दिशेने दिसते. अक्षरांत खडू, पीठ किंवा राख भरू नका, ती सूक्ष्म छिद्रांत राहते.

धूळ काढायची तर आधी कोरडा मऊ ब्रश, मग साधं स्वच्छ पाणी आणि नैसर्गिक केसांचा ब्रश. खालून वर जा, म्हणजे मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर उतरून डाग पडत नाहीत. पाण्याने निघालं नाही तर आम्लही नाही आणि क्षारही नाही असा सौम्य साबण अगदी थोडा वापरा, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल संगमरवर खातं, कारण तो मुळात चुनखडीच आहे. ब्लीचमधले क्षार दगडात मुरतात आणि वाळताना पापुद्रे सोडतात. तारेचा ब्रश आणि जोराच्या पाण्याचा फवारा अक्षरांच्या धारदार कडा बोथट करतात, आणि त्या कडा परत येत नाहीत. बोटाने चोळल्यावर फलक साखरेसारखा दाणेदार सुटत असेल तर पाणीसुद्धा लावू नका, तिथे दगडाच्या संवर्धनाचं काम करणारा माणूसच हवा. अक्षरांत मुळात रंग होता का, हे खाचेच्या तळाशी भिंगाने पाहून खात्री करा. रंगाचा अंश सापडला तरच आणि त्याच रंगाने भरा.

प्रश्न : मेमोरियल हॉल आतून पाहता येतो का?

जेवणघर पर्यटकांसाठी खुलं नसतं, तिथे विद्यार्थी जेवत असतात. सँडर्स थिएटर एखाद्या मैफिलीचं किंवा व्याख्यानाचं तिकीट काढून पाहणं सर्वांत सोयीचं. सुमारे हजार आसनांचं हे लाकडी सभागृह आवाजासाठी नावाजलेलं आहे आणि त्याची प्रेरणा ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरची. आत जाताना नावांचं दालन वाटेतच लागतं. गर्दी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास हाताशी ठेवला, तर सगळे २८ फलक नीट वाचून होतात.